पब्लिशरशी संपर्क साधा

माझं लग्न फॉक्सप्रोमुळे जमलं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण हल्लीच्या पोरांना फॉक्सप्रो म्हणजे नोंदी ठेवायचे प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा हे सांगायचं तर आधी डॉस म्हणजे त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम हे सांगावं लागतं, डॉस सांगायचं तर फ्लॉपी सांगावी लागते, आणि फ्लॉपीपर्यंत पोचेस्तोवर समोरचा मोबाईल काढून बसलेला असतो.

साल १९९६. मुलगी बघायला कऱ्हाडला गेलो होतो. अण्णा तेव्हा अजून सासरे व्हायचे होते. त्यांचा धंदा मंडप आणि भांडी भाड्याने द्यायचा, म्हणजे लग्न असो, बारसं असो, वर्षश्राद्ध असो, शंभर माणसं जेवायची म्हटली की पातेली अण्णांची. पोह्यांची बशी हातात आली तेवढ्यात त्यांनी विचारलं, काय करता? म्हटलं, पुण्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमर आहे. यानंतर मुलीच्या बापाने पगार विचारायचा असतो. अण्णांनी विचारलं, "मग आमची भांडी त्यात बसतील का?"

मी म्हटलं, "बसतील की."

त्या दोन शब्दांचा हप्ता अजून फिटलेला नाही.

तीन रविवार जाऊन-येऊन प्रोग्रॅम लिहिला. डॉसवरचं फॉक्सप्रो २.६, निळा स्क्रीन, मधोमध पांढऱ्या दुहेरी रेघेची चौकट, चौकटीत मेनू: १ भांडी बाहेर, २ भांडी जमा, ३ तूट, ४ पावती. मराठी अक्षरं नव्हती, सगळं रोमनमध्ये. म्हणजे मराठी करता आली असती, त्या वेळी सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड मिळायचं, ते मशीनच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची, पण अण्णांनी त्याची किंमत ऐकली आणि म्हणाले, राहू दे, त्यापेक्षा गड्यांना इंग्रजी शिकवू. आणि खरंच शिकवलं. आजसुद्धा त्या गोडाऊनमधली पोरं ५० माणसांच्या पातेल्याला 'पीटी पन्नास' म्हणतात आणि मोठ्या झाऱ्याला 'झेडएम', कारण नावाचा रकाना मी लहान ठेवला होता आणि सगळं नाव त्यात मावत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी डॉट मॅट्रिक्समधून कर्रकर्र करत पहिली पावती बाहेर आली. अण्णांनी ती फाडली, शंभराची नोट बघावी तशी उजेडाकडे धरून बघितली आणि आत बघून म्हणाले, "मुलगा चांगला हाय." बायकोचं म्हणणं आहे की तोपर्यंत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पावती नंबर १ आमच्याच लग्नाची. भाडं शून्य, घेणाऱ्याचं नाव माझं. जमा करताना दोन ओगराळी कमी भरली, ती मी तुटीत लिहिली, कारण प्रोग्रॅम बरोबर चालतोय का हे बघायचं होतं. प्रोग्रॅम बरोबर चालत होता. एकोणतीस वर्षं झाली, दर वर्षी मार्चअखेर थकबाकीची यादी निघते आणि तिच्यात पहिल्या ओळीत माझं नाव असतं, ओगराळी नग २. यादी दुकानात भिंतीवर लावतात.

या एकोणतीस वर्षांत मशीन चार वेळा बदललं आणि प्रोग्रॅम प्रत्येक नव्या मशीनवर, नव्या नवरीने माप ओलांडावं तसा, तांदूळ न सांडता आत गेला. १९९९ साली वायटूके आला, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे प्रोग्रॅम २००० साल उजाडलं की गोंधळणार ही भीती. पुण्यातली अर्धी कॉम्प्युटरवाली मंडळी तेव्हा अमेरिकेत जाऊन कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमच्या तारखा दुरुस्त करत होती, माझे दोन मित्र नायगाराचे फोटो पाठवत होते, आणि मी त्याच महान कार्यासाठी एसटीने कऱ्हाडला गेलो. फॉक्सप्रोच्या फाईलमध्ये तारीख मुळातच चार आकडी वर्षासकट साठते, त्यामुळे 'सेट सेंच्युरी ऑन' अशी एक ओळ टाकायची आणि पडद्यावरचे रकाने दोन अक्षरं सरकवायचे एवढंच काम होतं. मानधन म्हणून मटणाचं जेवण मिळालं. मित्रांना ग्रीन कार्ड मिळालं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिलाचं काम सीएच्या माणसाकडे गेलं, पण भांडी मात्र फॉक्सप्रोतच राहिली.

खरं तर तोवर फॉक्सप्रोचं तेरावंसुद्धा उरकलेलं होतं. हे अमेरिकेत ओहायोमधल्या फॉक्स सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं लेकरू, १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, पुढे त्याचं व्हिज्युअल फॉक्सप्रो झालं, २००७ मध्ये सांगितलं की यापुढे नवी आवृत्ती येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मित्रांच्या बातम्या आपण लगेच सांगतो का?

तर यंदाचा ऑक्टोबर. मेहुण्याचा मुलगा बी.कॉम. होऊन दुकानात बसायला लागलाय. पोरगा हुशार, फक्त मशीनवर आलेला प्रत्येक मेसेज तो वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो, ही एक वाईट सवय. जुनं मशीन रोज सांगत होतं, माझा सपोर्ट संपला, आता नव्या आवृत्तीवर या. (ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव घेत नाही, घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं लागेल.) जुन्या मशीनला ती नवी आवृत्ती झेपणार नव्हती, म्हणून पोराने दिवाळीच्या सेलमध्ये नवं मशीन आणलं, जुनं एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलं, प्रोग्रॅमचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नव्यावर टाकलं, पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, आणि डबल क्लिक केलं.

पडद्यावर मेसेज आला, त्याचा अर्थ असा: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, तुमच्या पीसीला चालेल अशी आवृत्ती हवी असेल तर सॉफ्टवेअरच्या पब्लिशरशी संपर्क साधा.

पोराने तो अण्णांना मराठीत वाचून दाखवला. अण्णांनी विचारलं, पब्लिशर म्हंजे कोण? पोरगा म्हणाला, ज्यानं बनवलं तो.

सकाळी सात वाजता फोन. "जावईबापू, तुमच्याशी संपर्क साधायला सांगितलाय."

आयुष्यात कधी कुणी मला पब्लिशर म्हटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीने म्हटलं याचा आनंद मानेपर्यंत अण्णा पुढे म्हणाले, तुळशीची लग्नं चार दिवसांवर आलीत, या मग.

अण्णांचं 'या' हे क्रियापद आज्ञार्थी नसतं, ते नियतीसारखं असतं. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे सरपटत सरपटत दुपारी पोचलो. दुकानात अण्णा, मेहुणा, पोरगा, दोन गडी आणि चहावाला असे सगळे नव्या मशीनभोवती, आयसीयूबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे उभे. मी राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटी मोड लावला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितला, रीस्टार्ट केलं, आणि हे सगळं करताना मला आतून पक्कं माहीत होतं की याने काही होणार नाही, पण डॉक्टरसुद्धा आधी स्टेथोस्कोप लावतातच.

मग अण्णांना समजावून सांगायला बसलो. "अण्णा, आपला प्रोग्रॅम १६ बिटी आहे आणि हे मशीन ६४ बिटी."

अण्णा म्हणाले, "मग चौसष्टात सोळा मावत न्हाईत व्हय? ५० माणसांच्या पातेल्यात १६ माणसांची आमटी होती की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. कारण पन्नास वर्षं होत आली, धंदा असाच चालला होता. १९७८ साली इंटेलचा ८०८६ हा १६ बिटी प्रोसेसर आला, त्यानंतरच्या प्रत्येक प्रोसेसरने त्या म्हाताऱ्यासाठी घरात एक कोपरा राखून ठेवला. १९८५ च्या ३८६ मध्ये तर खास सोयच केली, व्हर्च्युअल ८०८६ नावाची, म्हणजे बाहेर घर कितीही आधुनिक होऊ दे, आत डॉसच्या प्रोग्रॅमला वाटायचं की आपण आपल्याच जुन्या वाड्यात आहोत. बत्तीस बिटीपर्यंत हे चाललं. मग २००३ मध्ये एएमडीने चौसष्ट बिटी प्रोसेसर बाजारात आणला, त्याची रचना करताना ठरवलं की चौसष्ट बिटीत शिरल्यावर तो कोपरा मिळणार नाही, पुढे इंटेलनेही तीच रचना उचलली, आणि चिपमध्येच जागा नाही म्हटल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनीही म्हाताऱ्याचा शिधा बंद केला.

हे मी अण्णांना असं सांगितलं, की समजा आपला जुना वाडा आहे, ओसरीवर आजोबांची बाज आहे, वाडा कितीदाही डागडुजी करा, बाज तिथेच. मग वाडा पाडून फ्लॅट बांधला. फ्लॅटला ओसरीच नाही.

अण्णांना एका क्षणात कळलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मान वळवून नातवाकडे बघितलं. त्याने गेल्याच महिन्यात मलकापूरला टू बीएचके बुक केलाय हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझा या जुन्या भाषांशी संसार तसा जुना आहे, त्यामुळे एक सांगतो, मरणाच्या तऱ्हा प्रत्येकीच्या वेगळ्या. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम काय होऊन गेले ठाऊक आहे? मशीन फार वेगवान झालं म्हणून गेले! त्यातला एक भाग सुरू होताना मशीनचा वेग मोजायचा, प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले तसं ते उत्तर ठेवलेल्या जागेत मावेना, आणि 'रनटाइम एरर २००' म्हणून प्रोग्रॅम दारातच कोसळायचा. याउलट कोबोल. १९५९ चा जन्म, दर दहा वर्षांनी कुणीतरी तिरडी बांधायला घेतं आणि ती उठून चहा मागते. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धुमाकुळात, न्यू जर्सीच्या गव्हर्नरने जाहीर आवाहन केलं होतं की बेकारभत्त्याची सिस्टिम फार जुनी आहे, कोबोल येणाऱ्यांनी पुढे या. मी ती बातमी बायकोला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली होती, बघ, तिथे गव्हर्नर हात जोडतोय. ती म्हणाली, त्यांच्या घरात जावई नसेल कुणी प्रोग्रॅमर.

असो. पोराचं म्हणणं होतं की आतोबा, सोडा ना ते, मी एक ॲप बघितलंय, क्लाउडवर असतं, मोबाईलवर पण चालतं. मीही म्हटलं बघू. ॲप उघडलं. एक ओगराळं नोंदवायचं तर आधी कॅटेगरी, मग सब-कॅटेगरी, मग एचएसएन कोड, मग ओगराळ्याचा फोटो. फोटो टाकल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळतच नव्हतं. पोराने ओगराळं हातात धरून सेल्फी कॅमेऱ्याने काढला. तो अपलोड होईपर्यंत नेट गेलं.

अण्णा हे सगळं शांतपणे बघत होते. अण्णांचं वय ८१. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पण फॉक्सप्रोवर त्यांना पडदा लागतच नाही, समोर गिऱ्हाईक उभं असतं, अण्णा त्याच्याशी मुलीकडच्यांची चौकशी करत असतात आणि उजवा हात नंबरपॅडवर आपलाआपण चालत असतो, १, एंटर, २१४, एंटर, ५०, एंटर, ३, एंटर, पेटीवाल्याची बोटं फिरतात तशी, आणि गिऱ्हाईकाचं "बरं येतो मग" म्हणून होईपर्यंत पावती फाडून हातात. माऊस त्यांनी आजवर एकदाच धरला होता, तोही जागेवरून बाजूला ठेवायला. या माणसाला मी आता फोटो काढायला लावणार होतो? म्हटलं, नाही. आणि थोडा स्वार्थही होता. ते ॲप आलं असतं तर कऱ्हाडात मला चार माणसांत कोण ओळखलं असतं?

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून, पातेल्यांच्या उतरंडीत खुर्ची टाकून बसलो. इलाज मला ठाऊक होता. डॉसबॉक्स नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, ते नव्या मशीनच्या पोटात खोटं खोटं जुनं मशीन उभं करतं, अगदी ८०८६ च्या खोकल्यासकट. २००२ पासून आहे, दोन डच पोरांनी सुरू केलं, आणि ते केलं कशासाठी तर डॉसवरचे जुने गेम खेळता यावेत म्हणून. म्हणजे जगभरात कुणी त्याच्यावर राजकन्या सोडवतंय, कुणी विमान पाडतंय, आणि मी कऱ्हाडात त्याच्यावर पातेली मोजत होतो.

निळा स्क्रीन आला. चौकट आली. मेनू आला. अण्णा जागेच होते, शटरखालून वाकून आत आले आणि काशीहून माणूस परत आल्यासारखे बघत राहिले. "आलं की ओ!" त्यांनी १ दाबलं, पावती भरली, ४ दाबलं.

काहीच नाही. प्रिंटर गप्प.

कारण गेम खेळणाऱ्याला पावती लागत नाही. डॉसबॉक्सला प्रिंटिंग येत नाही, त्याला त्याच्या सुधारित भावंडाकडे, डॉसबॉक्स-एक्सकडे जावं लागतं, हे ठीक, ते केलं. पण प्रोग्रॅम पावती पाठवणार एलपीटी-१ ला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या सॉकेटला, आणि नव्या मशीनला ते २५ भोकांचं सॉकेटच नाही. तशी यूएसबीची केबल मिळते. रात्री नऊ वाजता कऱ्हाडात ती कोण देणार? पोराने गाडी काढली, तीन दुकानं उघडायला लावली. दोघांनी ही वस्तू काय असते ते विचारलं. तिसरा रिपेअरिंगवाला होता, माझ्याच वयाचा, त्याने खणातून धूळ झटकून ती काढली आणि म्हणाला, "फॉक्सप्रो का क्लिपर?" (क्लिपर म्हणजे फॉक्सप्रोची त्या काळची सवत.) डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पैसे घेईना.

पुढचे चार तास काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण मलाही नीट आठवत नाही. अक्षर बारीक करायला मी १९९६ साली प्रिंटरला सरळ १५ नंबरचं कॅरॅक्टर पाठवलं होतं, तेव्हाची ती हुशारी होती, आता ते मध्येच कुठेतरी अडकत होतं. डास. एकदा उतरंडीतलं परात-झाकण पायाने पडलं तेव्हा शेजारच्या वाड्यातून कुणीतरी कोण आहे रे म्हणून ओरडलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी प्रिंटर एकदम कर्रकर्र करून ओरडला, गल्लीतली सगळी कुत्री उठली, आणि पावती बाहेर आली. नंबर ९८,४१२. अण्णांनी ती फाडली आणि ट्यूबलाइटकडे धरून बघितली.

"जरा दमानं चालतंय," ते म्हणाले, "पण चालतंय." वर्षाची थकबाकी काढून बघू म्हणाले. पूर्वी दोन सेकंदांत यायची, आता मिनिटभर लागलं. पहिली ओळ: माझं नाव, ओगराळी नग २. सगळा डेटा सुखरूप आहे याचा यापेक्षा पक्का पुरावा नव्हता.

सकाळी उशिरा उठलो. ही पण आदल्या संध्याकाळी एसटीने आलेली. सासूबाईंनी थालीपीठं लावली होती, म्हणाल्या, तेवढी फडताळातली लोणच्याची बरणी काढा, वरच्या फळीवर माझा हात पोचत नाही. बरणी काढली. खाली कागद अंथरलेला होता, हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. डॉट मॅट्रिक्सचा. आमच्या सासूबाई १९९६ पासून काही टाकून देत नाहीत, त्याआधीही देत नसाव्यात. कागदावर तेलाचा गोल डाग होता आणि डागाच्या आत माझा प्रोग्रॅम होता. सोर्स कोड. ज्या फ्लॉपीवर तो होता तिला २००३ च्या पावसाळ्यात बुरशी आली होती, तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत होतो की सोर्स गेला, आता प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदलता येणार नाही. आणि तो इथे, कैरीच्या खाली.

उभ्या उभ्या वाचायला लागलो. चांगला लिहिला होता हो. चलांची नावं भयंकर होती, एक्स-१, एक्स-२, टेम्प, टेम्प-टेम्प, पण पंचवीस वर्षांच्या पोराचं काम म्हणून चांगलं होतं. पान सातनंतर एकदम पान तेरा, मधली तुपाच्या बरणीखाली असावीत. तेरावरून पुढचं उंदरांनी वाचलेलं. पान दोनवर फाईलची रचना होती, कुठला रकाना किती रुंद. नाव, २० अक्षरं. भांडं, ८ अक्षरं. पावती नंबर, आकडा, ५ घरं.

५ घरं.

म्हणजे ९९,९९९ पर्यंत. त्यानंतर फॉक्सप्रो आकडा लिहित नाही, रकान्यात पाच चांदण्या काढतो आणि 'न्यूमरिक ओव्हरफ्लो, डेटा वॉज लॉस्ट' म्हणतो. १९९६ साली मी मनाशी हिशोब केला असणार, की रोज दोन पावत्या, पाच घरं म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांची बेगमी, तोवर कोण जातंय बघायला. अण्णांचा धंदा एवढा वाढेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. वर्षाला सरासरी चौतीसशेच्या आसपास पावत्या होतात. काल रात्रीची ९८,४१२. उरल्या १,५८७. थालीपीठ तव्यावर होतं तेवढ्यात मी बोटं मोडून मोजलं, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. लग्नसराई धरून साधारण अक्षय्य तृतीया. त्या दिवशी अण्णांकडे कऱ्हाड तालुक्यातलं एकही पातेलं जागेवर नसतं.

आणि पडद्यावर मेसेज काय येईल, पब्लिशरशी संपर्क साधा असं म्हणायचीही आता गरज नाही.

बाहेरच्या खोलीत अण्णा शेजाऱ्यांना सांगत होते, जावयानं रात्री दोनपर्यंत बसून केलं, आता पुढची तीस वर्षं बघायला नको. मी कागदाची घडी केली, आहे तशी फळीवर ठेवली, वर बरणी ठेवली.

ही म्हणाली, "काय वाचत होतात एवढं?"

"काही नाही. ऐक, एप्रिलमध्ये कुठेतरी जाऊया का? लांब. जिथे रेंज नसेल असं."

"एप्रिलात? अहो, अक्षय्य तृतीया असते, अण्णांची केवढी धावपळ असते तेव्हा."

"तेच म्हणतोय," मी म्हटलं आणि लोणचं वाढून घेतलं.